मातीची चुंबळ

हरिदास घरी आला की पंचफुला आधी त्याच्या तोंडाकडे बघत नसे, नाकानेच अंदाज घेई. अंगाला सडक्या अंड्यांचा वास असला, म्हणजे दिवस चांगला गेला. साबणाचा वास आला, की समजायचं, आज काही जमलं नाही. जेवण मुक्याने होणार आणि अर्धी भाकर ताटातच वाळणार. इतर बायकांचे नवरे काम फत्ते झालं की पेढ्यांचा पुडा आणतात, हिच्या नवऱ्याने वास आणायचा. आणि गंमत अशी, की हळूहळू तिला तो वास आवडायलाही लागला होता.

वर्ध्याला स्टेशनामागच्या गल्लीत रुख्माबाईंच्या घराची मागची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. रुख्माबाई महानुभाव पंथाच्या. त्यांच्या घरात मांसमच्छी सोडाच, अंड्याचं नावही कोणी घेत नसे. बुद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या जोडप्याला खोली द्यायला गल्लीत दुसरं कोणी तयार नव्हतं. रुख्माबाईंनी दिली, अट एकच घातली, की चुलीवर भलतंसलतं शिजायचं नाही. त्यामुळे हरिदास पहिल्यांदा तो वास घेऊन अंगणातून गेला, तेव्हा त्या पदर नाकाला लावून थेट पंचफुलेच्या चुलीपाशी आल्या आणि त्यांनी गंजावरचं झाकण उचलून पाहिलं. आत चवळीच्या शेंगांची भाजी होती.

“मंग वास कायचा येऊन राह्यला?”

“त्याईच्या आंगाचा,” पंचफुला खाली मान घालून म्हणाली.

रुख्माबाईंनी हरिदासकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “एवढं शिकलेलं पोट्टं,” त्या हळहळून म्हणाल्या, “कोण्या डॉक्टरले दाखवा वो याले.”

हरिदास कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होता आणि सदाशिवराव नावाच्या प्राध्यापकांच्या हाताखाली एम.एस्सी.चा प्रबंध करत होता. प्रबंध कशावर, हे त्याने पंचफुलेला एकदा दिवेलागणीला कंदील पुढ्यात ठेवून समजावलं होतं.

“या घासलेटात गंधक असते. म्हणून जळताना वास मारते, डोये चुरचुरते, गळा धरते.”

“मंग काहाडून टाका ना.”

“थेच तं करून राह्यलो.”

घासलेटाची वाफ करायची, तिच्यात हायड्रोजन वायू सोडायचा, आणि दोन्ही मिळून एका तापलेल्या काचेच्या नळीतून जाऊ द्यायचे. नळीत पांढऱ्या मातीच्या गोळ्या भरलेल्या. त्या गोळ्यांना कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम असे दोन धातू पाजलेले. त्या धातूंच्या संगतीत वायू घासलेटातला गंधक पकडतो आणि घेऊन पळतो. तो पळालेला गंधक म्हणजेच सडक्या अंड्यांचा वास. वास बाहेर आला, म्हणजे घासलेट आत साफ झालं.

“अन् गोळी काय करते?” पंचफुलेने विचारलं.

“काईच नाई. काम सारं धातूच करते. गोळी त्याले फक्त बसाले जागा देते. इंग्रजीत सपोर्ट म्हणते त्याले. आधार समज.”

पंचफुलेला आधार हा शब्द पटला नाही. आधार भिंतीचा असतो, नाहीतर म्हाताऱ्याच्या काठीचा. ती म्हणाली, “हे तं चुंबळ झाली. चुंबळ काई पाणी आणत नाई. पण ते नसली तं पाण्याचा गुंड डोक्यावर बसत नाई.”

हरिदास तिच्याकडे बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने ते सदाशिवरावांना सांगितलं, आणि त्या दिवसापासून प्रयोगशाळेत त्या गोळ्यांना चुंबळ हेच नाव पडलं. सदाशिवराव पुण्याकडचे, बोलणं अगदी शुद्ध, पण तेही सकाळी आल्या आल्या विचारू लागले, “काय हरिदास, आज कोणती चुंबळ भरताय?”

गोळ्या घरीच वळल्या जात. तुरटी विरघळवून तिच्यातून पांढरा गाळ काढायचा, धुऊन धुऊन त्याचा खारटपणा घालवायचा, मग त्यात पांढरी माती मळायची. हे मळण्यापर्यंतचं काम हरिदासचं, वळण्याचं पंचफुलेचं. हरिदासने वळलेल्या गोळ्यांत एकीसारखी दुसरी नसे. पंचफुलेचा हात मुगाच्या मुंगोड्यांवर बसलेला, तिच्या गोळ्या एकसारख्या निघत. अंगणात खाटेवर फडकं अंथरून त्या वाळत पडत. वर्ध्याचं ऊन ते, दुपारपर्यंत कडक करून टाकी. वाळल्या की हरिदास कॉलेजात नेऊन त्या भट्टीत भाजून आणी, धातू पाजी, पुन्हा वाळायला खाटेवर टाकी. रुख्माबाई येता-जाता म्हणत, “मुंगोड्या लय पांढऱ्या होते वो तुह्या. कोणती दाळ घेतली?”

सत्तावन सालच्या पोळ्याच्या सुमारास पंचफुलेला दिवस गेले.

घरात आनंद झाला, पण तो कोणी बोलून दाखवला नाही. कारण हे दुसऱ्यांदा होतं. मागल्या साली पहिलं लेकरू पाचव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा ती सासरी, पवनारजवळच्या खेड्यात होती आणि हरिदास परीक्षेसाठी नागपूरला. तो आला तोपर्यंत सगळं आटोपलं होतं. पंचफुला भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि सासू, सीताबाई, दारात बसून बायांना सांगत होती, “पेरण्यात खोट नसते, बाई. काई काई वावरच धरत नाई.”

सीताबाई वाईट बाई नव्हती. तिला त्या लेकराची हौस सुनेपेक्षा कमी नव्हती. आधीचे दिवस असते तर तिने देवीला नवस बोलला असता, साडीचोळी कबूल केली असती आणि निश्चिंत झाली असती. पण दीक्षा घेतली तेव्हा तिने देवघरातले टाक स्वतःच्या हाताने धाम नदीत सोडले होते, आणि ती शब्दाची पक्की होती. नवस बंद झाला. काळजी काही बंद झाली नाही. ती काळजी कुठे ठेवावी हे तिला कळेना, म्हणून ती तोंडावाटे बाहेर पडे, आणि जवळ सून असल्याने सुनेवर पडे. हे पंचफुलेला कळत होतं. कळलं म्हणून बोचायचं थोडंच राहतं? ‘वावर धरत नाई’ हे शब्द तिच्या मनात घर करून बसले होते.

या वेळी तिला डोहाळे लागले ते मातीचे. चिंच नको, बोरं नकोत, फक्त माती. सारवलेल्या भिंतीवरून हात फिरवला तरी तोंडाला पाणी सुटे. आणि अंगणात तर खाटभर पांढऱ्याशुभ्र, भाजलेल्या, उन्हाने खरपूस झालेल्या गोळ्या पसरलेल्या. तिने एके दुपारी एक उचलून जिभेवर ठेवली. गोळी जिभेला चटकन चिकटली, जीभ ओढून धरल्यासारखी. मग ती हळूहळू विरघळली. पंचफुलेने डोळे मिटले. इतकं सुख तिला बऱ्याच दिवसांत लाभलं नव्हतं.

ती फक्त पांढऱ्या गोळ्या उचली. कोबाल्ट पाजलेल्या गुलाबी दिसत, त्यांना ती हातही लावत नसे. रंगावरूनच ते औषध आहे हे कळे. पांढरी म्हणजे निव्वळ माती आणि तुरटीचा गाळ, आपल्याच हाताने वळलेला. त्यात काय आहे, असं ती स्वतःला समजावी आणि आणखी एक तोंडात टाकी.

इकडे हरिदासची गाडी अडली होती. गोळ्यांनी सुरुवातीला वास सोडला, भरपूर सोडला. नळीच्या तोंडाशी शिशाच्या पाण्यात बुडवलेला कागद धरला की तो काळाकुट्ट होई. पण थोडे दिवस गेले की गोळ्या नळीत भुगा होऊन बसत, वाट बुजे, आणि काम बंद. तो आठवडाभर साबणाचा वास घेऊन घरी आला. एका संध्याकाळी जेवताना स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “धातूत खोट नाई. चुंबळच कच्ची आहे. धरतच नाई.”

पंचफुलेच्या हातातली पळी थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, तो ताटात बघत होता. त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिने भाजी वाढली आणि ती चुलीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. हरिदासने विचारलं तेव्हा म्हणाली, भूक नाही.

त्याने उपाय काढला. मळताना मातीत काचेचं पाणी घालायचं. बांगडीवाले, काचवाले वापरतात तसला तो चिकट पातळ पदार्थ. त्याने गोळी दगडासारखी होते. नव्या गोळ्या खरोखरच टणक झाल्या, वर थोडी चकाकीही आली. हरिदास खूश झाला. त्यांतल्या थोड्या त्याने नळीत भरून पाहिल्या आणि तोंड पाडून आला. भुगा झाला नव्हता, पण वासही आला नव्हता. कागद पांढरा तो पांढराच. त्याला वाटलं, धातू कमी पडला असेल. म्हणून पुढच्या घाण्याला त्याने कोबाल्टच्या आधी मॉलिब्डेनम दुप्पट पाजलं आणि गोळ्या खाटेवर वाळत टाकल्या.

मॉलिब्डेनमच्या पाण्याला रंग नसतो. पाजलेल्या गोळ्या पांढऱ्याच दिसतात.

रविवारची दुपार होती. हरिदास खाटेपाशी गेला आणि फडक्यावर एका गोळीची जागा मोकळी दिसली. एक चघळून टाकलेली, ओली होऊन पुन्हा वाळलेली गोळी खाटेखाली पडली होती. तो म्हणाला, “खार येऊन राह्यली वाट्टे. आंगणात जाळं लावा लागन. मरून जाईन ते.”

“काऊन मरन?” पंचफुलेने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

“औषध पाजलं आहे ना त्याईले.”

“पांढऱ्याईले?”

हरिदासने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्याला पांढरं लागलेलं होतं, आणि एका क्षणात त्याला सगळं कळलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं पंचफुलेला पुढे कितीदा वाटलं. त्याने फक्त पायांत चपला घातल्या, रुख्माबाईंना हाक मारली, “काकू, हिच्यापाशी बसा,” आणि टांगा आणायला धावत गेला. त्याच्या सदऱ्याची बटणं उघडी होती.

सेवाग्रामच्या दवाखान्याकडे टांगा निघाला. टांगेवाल्याला हरिदासने सांगून ठेवलं होतं, लवकर चल पण गचके नको देऊ. आता हे दोन्ही एकदम त्या रस्त्यावर कसं जमायचं? टांगेवाल्याने मागे पंचफुलेच्या पोटाकडे पाहिलं आणि घोडा हळूच सोडला.

“किती खाल्ल्या?” हरिदासने विचारलं.

“रोज खाल्ल्या.” आता लपवण्यात अर्थ नव्हता. “दिवाळीपासून. मले वाटलं माती आहे.”

“या नव्या? चमकते त्या?”

“त्या नाई खाल्ल्या.”

“खरं सांग, पंचफुला. मी रागावत नाई.”

“खरंच सांगून राह्यली. तोंडात टाकली एक आज. पन जिभेले चिकटलीच नाई ते. पयल्या कशा, ठेवल्या का जीभ धरत. हे काचेवानी, घसरली. गोडीच नाई तिच्यात. थुकून देल्ली मी. चूळ भरली.”

“अन् त्याच्या आधीच्या, चिकटत होत्या त्या, कवाच्या होत्या?”

“जुन्या. डब्यातल्या. तुमी अजून काई पाजलं नव्हतं त्याईले. भट्टीतून आल्या का मी बाजूले काढून ठेवत जाऊ.”

हरिदासने टांग्याच्या दांडीला धरलेला हात सैल सोडला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. टांगेवाल्याने घोड्याकडे बघत बिडी पेटवली. त्याला मागचं ऐकू येत नव्हतं असं तो दाखवत होता. “मंग परत जाचं का?” पंचफुलेने विचारलं. हरिदास म्हणाला, “नाई. दाखवूनच जाऊ.”

डॉक्टरीणबाई खादीच्या पांढऱ्या साडीतल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पंचफुलेचे डोळे ताणून पाहिले, नखं पाहिली, पोटावर लाकडी नळी ठेवली आणि तिच्यावर कान टेकला. पंचफुला छताकडे बघत राहिली. पाचवा महिना लागला होता. मागल्या वेळी याच महिन्यात पोटातलं सगळं एकाएकी गप्प झालं होतं. बाई बराच वेळ कान लावून होत्या. पंचफुलेला वाटलं, आता ह्या मान वर करतील आणि काही बोलणारच नाहीत.

“घोडा दौडतोय आत,” बाई म्हणाल्या. “चांगला दौडतोय. पण तुझ्या अंगात रक्त नाही. म्हणून माती खावीशी वाटते. गूळ खा, शेंगदाणे खा, पालेभाजी खा. पाण्याचे हंडे उचलते का?”

“हाव.”

“ते बंद. पूर्ण बंद. आणि मातीही.” मग त्या हरिदासकडे वळल्या. “विषारी वस्तू घरी वाळत घालतो? रसायनशास्त्र शिकवतो ना तू?”

हरिदासने पंचफुलेच्या चपला उचलून तिच्या पायांशी ठेवल्या.

परतीच्या टांग्याला वेळ होता. दवाखान्याबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली दोघं बसली. हरिदास मातीत काडीने काहीतरी रेघोट्या ओढत होता. पंचफुलेला वाटलं, तो अजून धसक्यातच आहे. पण थोड्या वेळाने तो काडी थांबवून म्हणाला, “काऊन चिकटत नसन ते?”

“काय?”

“नवी गोळी. जिभेले.” तो स्वतःच उत्तर देऊ लागला. “गोळीले बारीक बारीक तोंडं असते, डोळ्याले दिसत नाई अशी. थे तुह्या जिभेचं पाणी ओढून घेते, म्हणून चिकटते. मी काचेचं पाणी घातलं अन् सारी तोंडं बुजवून टाकली. वरून लिपल्यावानी. धातू आत बसाले जागाच नाई राह्यली. अन् मी काय केलं? आणखी दुप्पट लादला.” तो हसला, पण ते हसू काही बरोबर नव्हतं. “चुंबळीत खोट नव्हती, पंचफुला. मीच तिच्यावर जास्त लादलं.”

त्याने पाहिलं तर ती पदर तोंडात धरून रडत होती, आवाज न करता.

“काय झालं? दुखते का?”

“तुमी म्हटलं होतं, चुंबळ कच्ची आहे. धरत नाई म्हणे.”

“गोळीले म्हटलं होतं मी.”

“मले माईत आहे गोळीले म्हटलं. आत्याबाईनं वावराले म्हटलं होतं.”

तेव्हा कुठे हरिदासच्या डोक्यात उजेड पडला. शिकलेल्या माणसाला काही गोष्टी फार उशिरा कळतात, आणि कळल्या की त्याला तोंड लपवायला जागा उरत नाही. त्याला ते मागलं साल आठवलं. तो नागपूरला पुस्तकात डोकं घालून बसलेला. इकडे ती पहाटे नदीवरून गुंडावर गुंड चढवून पाणी वाहत होती, दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदायला जात होती, आणि त्या मजुरीतून त्याला फी पाठवत होती. लेकरू गेल्यावर त्याने तिला धीर दिला होता, दुसरं होईल म्हणाला होता. का गेलं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्यानेही मनातल्या मनात मायचंच बोलणं खरं धरलं होतं की काय, कोण जाणे.

“तवाही खोट तुह्यात नव्हती,” तो म्हणाला. “तवाही आमीच लादलं.”

पंचफुलेने डोळे पुसले. वर्षभर ती हे कोणीतरी म्हणावं म्हणून थांबली होती, आणि ते म्हणायला एक न चिकटणारी गोळी लागली. टांगा आला. या वेळी घोडा चांगला दौडला तरी तिला गचके जाणवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेच्या नळावर बायांनी पाहिलं, की कॉलेजातले हरिदास मास्तर पाण्याला आले आहेत. नुसते आले नाहीत, डोक्यावर हिरव्या लुगड्याच्या चिंधीची चुंबळ ठेवून आले आहेत. बादल्या हातात धरून नेणारे पुरुष गल्लीने पाहिले होते, डोक्यावर चुंबळ ठेवणारा नव्हता पाहिला. पण गुंड काखेला मारता येईना आणि हातात पेलवेना, म्हणून पंचफुलेने ती स्वतः वळून दिली होती. पहिल्या दिवशी अर्धा गुंड त्याच्या सदऱ्यावर सांडला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पोरं मागे मागे आली. रुख्माबाई ओट्यावरून म्हणाल्या, “मान ताठ ठेव, बाप्पा. अन् पायाकडे पाहू नोको.” आठवडाभरात त्याला जमलं. मग हसणंही थांबलं, कारण रोज रोज हसायला कोणाला सवड असते?

बाजाराच्या दिवशी सीताबाई पवनारहून मोटारीने आली. तिने लेकाला डोक्यावर गुंड घेऊन येताना पाहिलं आणि ती अंगणातच थबकली. आता काही ऐकावं लागणार, हे पंचफुलेने धरूनच ठेवलं होतं.

“हे काय सोंग?” सीताबाई म्हणाली.

“सोंग नाई, माय,” हरिदासने गुंड उतरवत म्हटलं. “मांगच्या बारीले हे मी केलं असतं तं लेकरू वाचलं असतं. डॉक्टरीणबाईनंही वजन उचलनं बंद केलं आहे तिचं.”

सीताबाई पायरीवर बसली. तिने सुनेकडे पाहिलं नाही. पिशवीतून गुळाची ढेप आणि शेंगदाण्यांचं गाठोडं काढून तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, “गुंड त तुह्या डोक्यावर मीच ठेवत होती, पोरी.” एवढंच. पण ती संध्याकाळच्या मोटारीने परत गेली नाही. ती तिथेच राहिली, आणि हरिदास कॉलेजात गेला की नळावरचं उरलंसुरलं पाणी तीच आणू लागली.

कामही हळूहळू मार्गी लागलं. काचेचं पाणी हरिदासने सोडून दिलं. त्याऐवजी तुरटीचाच थोडा गाळ अगदी पातळ आम्लात विरवून तो डिंकासारखा मळायला घेतला. त्याने गोळी घट्ट होई आणि तोंडं उघडी राहत. दर घाण्यातली एक गोळी, धातू पाजण्याआधी, तो स्वतःच्या जिभेला लावून बघे. सदाशिवरावांनी त्याला प्रयोगशाळेच्या खिडकीत उभं राहून गोळ्या चाटताना पाहिलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. सगळं ऐकून घेतल्यावर मात्र त्यांनीही एक गोळी मागून घेतली. गोळ्या आता घरी वाळत नव्हत्या. कॉलेजच्या गच्चीवर वाळत, आणि गच्चीला कुलूप असे.

मे महिन्यात, ऊन डोक्यावर असताना, पंचफुलेच्या कळा सुरू झाल्या. हरिदास तेव्हा प्रयोगशाळेत होता. नव्या गोळ्यांची नळी चार दिवस न थांबता चालवायची होती आणि तो शेवटचा दिवस होता. सीताबाईने त्याची वाट पाहिली नाही. टांगा केला आणि सुनेला सेवाग्रामला नेलं.

हरिदास पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. तो धापा टाकत व्हरांड्यात शिरला आणि दारातल्या नर्सने नाकाला रुमाल लावला. “कोण ही घाण घेऊन आलं? बाहेर, बाहेर. आत बाळंतिणी आहेत.”

आत खाटेवर पंचफुला डोळे मिटून पडली होती. पडद्याच्या फटीतून तो वास आत आला, सडक्या अंड्यांचा, भपकन. इतका दाट तिने आधी कधी घेतला नव्हता. तिने डोळे उघडले आणि ती एकटीच हसली.

“येऊ द्या जी त्याईले,” ती नर्सला म्हणाली. “माह्ये मालक आहेत. त्याईचं काम झालं.”

हरिदास आत आला, पण दारापाशीच उभा राहिला. हात मागे धरले होते. “नळी चालूनच राह्यली अजून,” तो म्हणाला. “गोळी फुटली नाई एकही.” आणि तो माघारी वळू लागला. “मी आंघोळ करून येतो.”

“जवळ या पयले.”

तो आला. पोरगी झाली होती. काळीसावळी, मुठी आवळलेली, गाढ झोपलेली. जगातल्या कोणत्याही वासाचं तिला काही नव्हतं. सीताबाई पायथ्याशी बसून तिचं दुपटं सारखं करत होती. पोरीच्या इवल्याशा डोक्याखाली, मान हलू नये म्हणून, कापडाची एक गोल चुंबळ ठेवलेली होती. हिरव्या लुगड्याची चिंधी, पाण्याने विटलेली. हरिदासने ती ओळखली. पाच महिने ती त्याच्या डोक्यावर होती.

“धुतली आहे,” सीताबाई म्हणाली. “उकळत्या पाण्यात. मऊ झाली आहे वाहून वाहून. नवी टोचते लेकराले.” मग सुनेच्या पायावर हात ठेवून, कोणाकडेही न बघता, ती म्हणाली, “चांगलं धरलं तू, पोरी.”

पंचफुलेने हात पुढे केला, आणि हरिदासने मागे लपवलेला आपला वासाचा हात तिच्या हातात दिला.